हेल्पस्टनचे कुंपण

ग्रामीण साहित्याचा अभ्यासपत्र मी जवळजवळ तीस वर्षे शिकवला. पार्श्वभूमी सांगताना युरोपातील ग्रामीण कवितेचा उल्लेख येई. तिथे वर्ड्‌स्वर्थवर दोन तास जात आणि त्याच्या शेपटाला 'जॉन क्लेअर नावाचा एक शेतमजूर कवीही याच काळात होऊन गेला' असे एक वाक्य मी जोडीत असे. क्लेअरची चार-सहा कवितांपलीकडे ओळख नव्हती. तो ज्या गावात जन्मला त्या गावाला एक शिवार होते, त्या शिवाराला एक इतिहास होता, आणि तो इतिहास वगळला तर कवितेतील बरेचसे कळत नाही, हे लक्षात यायला निवृत्ती यावी लागली. मुलगी नोकरीनिमित्त पीटरबरो येथे राहते. २०१६ च्या जुलैत तिच्याकडे असताना शहरापासून दहा-बारा किलोमीटरवर हेल्पस्टन असल्याचे कळले आणि एका सकाळी मी बसने एकटाच निघालो. "बाबा, तिथे बघण्यासारखं फारसं काही नाही," असे तिने आधीच सांगून ठेवले होते.

तिचे म्हणणे वरवर खरे होते. हेल्पस्टन हे हजारभर वस्तीचे गाव. पिवळसर करड्या चुनखडकाची घरे, काही छपरे गवताने शाकारलेली, मधोमध 'बटर क्रॉस' म्हणून ओळखला जाणारा जुना दगडी क्रूस, त्याच्याजवळ १८६९ मध्ये उभारलेले क्लेअरचे स्मारक, थोडे पुढे संत बोटॉल्फचे चर्च. वुडगेट नावाच्या रस्त्यावर 'ब्लू बेल' हे मद्यगृह आणि त्याला लागून क्लेअरचे घर. हे घर २००५ मध्ये एका न्यासाने विकत घेतले, दुरुस्त केले आणि पाहायला खुले केले. गाव पूर्वी नॉर्थॅम्प्टनशरमध्ये मोडत असे, आता केंब्रिजशरमध्ये मोडते. १९६७ मध्ये पीटरबरोला 'नवे शहर' म्हणून विस्तारासाठी निवडण्यात आले. त्या शहराची वस्ती आज दोन लाखांवर गेली आहे. खेड्यातली माणसे सकाळी मोटारींनी शहराकडे जातात आणि संध्याकाळी परततात. गावाच्या कडेने लोहमार्ग जातो. गाड्या वेगाने निघून जातात, कारण इथले स्थानक १९६६ मध्येच बंद झाले. जून १८२५ मध्ये क्लेअरला रॉइस वुड या रानाच्या टोकाशी तीन माणसे जमीन मोजताना दिसली होती. मँचेस्टर ते लंडन या नियोजित लोहमार्गाची ती आखणी आहे असे त्याला कळले आणि त्याने ते रोजनिशीत टिपून ठेवले. आपल्या रानाचे काय होणार, ही धास्ती त्या नोंदीत आहे.

वस्तुतः ही भूमी मोजमापाला नवखी नव्हती. शिवारातून रोमन काळचा रस्ता जातो. शेजारच्या बार्नॅकच्या खाणींतला दगड मध्ययुगात पीटरबरोच्या कॅथीड्रलसाठी गेला. गावाजवळच्या वुडक्रॉफ्ट वाड्यात १६४८ मध्ये, यादवी युद्धाच्या धामधुमीत, राजपक्षाचा मायकेल हडसन हा धर्मोपदेशक मारला गेला. लँगली बुश या टेकाडावर, एका जुन्या काटेरी झाडाखाली, कधीकाळी परगण्याचा न्यायनिवाडा होत असे. ते झाड १८२३ मध्ये नष्ट झाले, याचीही खंत क्लेअरने नोंदवली आहे. राजे आणि वाडे यांचा इतिहास मात्र पाहुण्याला फलकांवर वाचायला मिळतो. मला ज्या इतिहासाने थांबवून ठेवले तो फलकावर मावणारा नव्हता. तो शेतांच्या आकारात होता.

क्लेअर जन्मला तेव्हा, म्हणजे १३ जुलै १७९३ रोजी, हेल्पस्टनच्या शिवारात कुंपणे जवळजवळ नव्हती. लोलम ब्रिज, हीथ आणि वुडक्रॉफ्ट अशी तीन मोठी राने गावाभोवती पसरली होती. प्रत्येक रान लांबट पट्ट्यांत विभागलेले. एकाच शेतकऱ्याचे पट्टे तिन्ही रानांत विखुरलेले. पीक काढल्यावर धसकटांवर गावाची गुरे चरत. पाळीपाळीने एक रान पडीक राही. याशिवाय एमनसेल्स हीथसारखा माळ होता. तिथे सरपण, गवत आणि गुरांचा चारा यांवर अनेकांची वहिवाट चाले. ज्याच्या नावावर वीतभर जमीन नाही अशा मजुरालाही या शिवारात पाय ठेवायला जागा होती. आपल्याकडील गायरान, पाणंद, सामायिक विहीर, मळणीनंतरचा सरवा या गोष्टी ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना हे चित्र समजावून सांगावे लागत नाही. तरीही या व्यवस्थेला रामराज्य समजण्याचे कारण नाही. जमिनीची मालकी तेव्हाही थोड्यांच्याच हाती होती आणि क्लेअरचा बाप, पार्कर क्लेअर, दुसऱ्याच्या खळ्यावर मळणी करूनच पोट भरीत होता.

१८०९ मध्ये हेल्पस्टन, मॅक्सी, ग्लिंटन आणि शेजारच्या गावांच्या जमिनींची कुंपणबंदी करणारा कायदा ब्रिटिश संसदेने संमत केला. ही घटना एकट्या हेल्पस्टनची नव्हती. १६०४ ते १९१४ या काळात असे ५,२०० हून अधिक कायदे झाले आणि सुमारे ६८ लाख एकर, म्हणजे इंग्लंडच्या भूमीचा एक पंचमांशाहून थोडा अधिक भाग, त्यांच्याखाली आला. आयुक्त येत, मोजणी होई, विखुरलेले पट्टे एकत्र करून ज्याच्या त्याच्या हक्काप्रमाणे सलग तुकडे दिले जात, नवे रस्ते ठरावीक रुंदीचे आणि सरळ आखले जात, आणि प्रत्येक तुकड्याभोवती काटेरी झुडपांचे कुंपण लावणे बंधनकारक होई. हेल्पस्टनचा अंतिम निवाडा १८२० मध्ये लागला. कायद्याच्या वेळी सोळा वर्षांचा असलेला क्लेअर निवाड्याच्या वेळी सत्तावीस वर्षांचा होता. त्याचे सारे तारुण्य मोजणीच्या साखळीबरोबर गेले, असे म्हणता येईल.

जॉन बॅरेल यांनी १९७२ च्या आपल्या ग्रंथात एक मार्मिक निरीक्षण मांडले आहे. खुल्या शिवाराचे गाव वर्तुळाकार असते: मध्ये वस्ती, भोवती राने, आणि सर्व पायवाटा गावातून निघून गावाच्याच शिवारात संपतात. कुंपणबंदीने त्यावर सरळ रेषा आणली. रस्ता आता गावातून पलीकडे जाण्यासाठी झाला. बालपणी क्लेअर एकदा क्षितिजाच्या काठाशी जगाचा शेवट असेल, या समजुतीने एमनसेल्स हीथ ओलांडून चालत सुटला. चालता चालता तो ओळखीच्या प्रदेशाबाहेर गेला, आणि तिथली रानफुलेसुद्धा आपल्याला ओळखत नाहीत असे त्याला वाटले. पुढे ही आठवण त्याने आत्मवृत्तात लिहिली. ज्ञान म्हणजे पायाखालची ओळखीची जमीन, हा त्याचा अर्थ होता. वर्गात 'स्थलनिष्ठा' ही संज्ञा मी फळ्यावर अनेकदा लिहिली आहे; तिची इतकी नेमकी व्याख्या मला कधी सुचली नव्हती.

येथे एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण ती सहसा एका वाक्यात उरकली जाते. कुंपणबंदीच्या काळात क्लेअरने स्वतः कुंपणे लावण्याच्या टोळ्यांत मजुरी केली. ज्या माळाच्या जाण्यावर पुढे त्याने आयुष्यभर कविता लिहिली, तो माळ बंद करण्याची रोजंदारी त्याने घेतली होती. मजुरी हवी होती. म्हाताऱ्या आईबापांचे घरभाडे दारातल्या सफरचंदाच्या झाडाच्या फळांवर निघत असे, अशी त्या घराची स्थिती होती. त्याच्या या कामाला दांभिकपणा म्हणणे सोपे आहे. पण खाणाऱ्या तोंडांसाठी हात जे काम करतात आणि मन ज्याचा शोक करते, ती दोन्ही एकाच माणसाची असू शकतात. त्या घराच्या बुटक्या खोलीत उभे असताना हा विचार मला प्रथम क्लेअरविषयी सुचला. तो माझ्याविषयीही आहे, हे कळायला दुपार व्हावी लागली.

गावाच्या दक्षिणेला स्वॉर्डी वेल ही रोमन काळापासूनची दगडखाण आहे. कुंपणबंदीत ती रस्तेदुरुस्तीच्या दगडासाठी परगण्याच्या ताब्यात गेली. या जागेवरील कवितेत क्लेअरने एक विलक्षण गोष्ट केली: त्याने बोलण्याचे काम खुद्द जमिनीकडे दिले. ती जमीन धर्मादायावर जगणाऱ्या दरिद्री माणसासारखी बोलते, आपली गाऱ्हाणी मांडते, आपल्या अंगावरचे गवत आणि फुलपाखरे कशी गेली ते सांगते. 'भूमी' हे आपल्या ग्रामीण कवितेचे लाडके प्रतीक आहे. परंतु तिला माता न करता, देवी न करता, परगण्याच्या भिकेवर पडलेले एक माणूस करणे हे धाडस निराळे आहे. पुढे विसाव्या शतकात याच खाणीत शहराचा कचरा टाकला गेला. २००३ मध्ये ती एका स्थानिक निसर्गसंस्थेने विकत घेतली आणि आता तिथे पुन्हा रानफुले येतात. पुन्हा आलेली फुले तीच आहेत, असे मात्र कोणी म्हणू नये.

जानेवारी १८२० मध्ये क्लेअरचा पहिला संग्रह लंडनमध्ये निघाला. प्रकाशक टेलर आणि हेसी, म्हणजे कीट्सचेच प्रकाशक. मुखपृष्ठावर कवीच्या नावाखाली 'नॉर्थॅम्प्टनशरचा शेतकरी' अशी ओळख छापली होती. वर्षभरात चार आवृत्त्या संपल्या. कौतुकाच्या पाठोपाठ दुरुस्तीही आली. जॉन टेलर यांनी विरामचिन्हे घातली, शुद्धलेखन सुधारले, बोलीतील काही शब्द बदलले, काहींना मागे शब्दसूची जोडली. उमराव आश्रयदाते लॉर्ड रॅडस्टॉक यांना धनिकांविरुद्धच्या ओळी खटकल्या. पुढच्या आवृत्त्यांतून त्या गेल्या. १८२७ चे 'शेफर्ड्‌स कॅलेंडर' छापताना हस्तलिखिताचा जवळजवळ निम्मा भाग वगळला गेला. क्लेअरला याचा राग येई. व्याकरणाची तुलना त्याने एका पत्रात राज्यकारभारातील जुलमाशी केली आहे. तो गोगलगायीच्या शंखाला 'पूटी' म्हणे, डबक्याला 'पज', ठिपकेदार ढालकिड्याला 'क्लॉक-अ-क्ले', लांब शेपटीच्या एका चिमण्या पक्ष्याला 'बमबॅरल'. शाळकरी वयात याच 'पूट्या' गोळा करून तो खेळत असे. प्रमाण शब्द घातला की वस्तू तीच राहते, पण ती ज्या हातात होती तो हात नाहीसा होतो.

टेलर यांना खलपुरुष ठरवणे न्यायाचे होणार नाही. ते नसते तर पुस्तक नसते. आणि क्लेअर स्वतःही अनेकदा त्यांच्या दुरुस्तीची वाट पाही. परंतु टेलर यांच्यामागे एक गोष्ट शिल्लक राहिली, ती म्हणजे हस्तलिखिते. पीटरबरो आणि नॉर्थॅम्प्टन येथील संग्रहांत ती जपली गेली. त्यामुळेच १९२० मध्ये एडमंड ब्लंडेन आणि ॲलन पोर्टर यांना विस्मृतीतला कवी पुन्हा वर काढता आला, आणि १९८४ ते २००३ या काळात एरिक रॉबिन्सन व डेव्हिड पॉवेल यांच्या संपादनात ऑक्सफर्डची नऊ खंडांची आवृत्ती निघाली. तीत विरामचिन्हांवाचूनचा, त्याच्या शब्दांचा, त्याच्या चुकांचा क्लेअर वाचायला मिळतो. कुंपण काढता आले, कारण कुंपणाखालची जमीन कोणी विकून टाकली नव्हती.

या वाक्याशी माझी दुपार अडली. १९८३ मध्ये एम.फिल.च्या प्रबंधिकेसाठी मी माझ्या गावातील जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. त्यांतल्या एकशे त्रेचाळीस एकट्या माझ्या आईच्या होत्या. दोन वह्यांत मी त्या तिच्या तोंडून जशा आल्या तशा उतरवल्या. टंकलेखनाला देण्यापूर्वी मात्र त्या 'स्वच्छ' केल्या. 'हुबी' होती तिथे 'उभी' केले, 'म्हायार'चे 'माहेर' केले, 'इठूबा'चा 'विठोबा' केला. इतके तरी क्षम्य मानता येईल. 'झुंजुरका' हा शब्द तीन-चार ठिकाणी होता. तिथे मी 'पहाटे' घातले. झुंजुरका म्हणजे अंधार विरळ होऊ लागतो पण माणसाचे तोंड अजून ओळखू येत नाही ती वेळ. बाई जात्याला बसते ती वेळ. पहाट तिच्याहून फार मोठी आणि फार ढोबळ आहे. 'पाणंद' होती तिथे 'वाट' आली. मला हे कोणी करायला सांगितले नव्हते. सांगावे लागलेच नाही, हीच खरी गोष्ट आहे. गावातून शहरात शिकायला आल्यावर पहिल्या वर्षी माझ्या 'न' आणि 'ण' वर वर्ग हसला होता. त्यानंतर माझ्या आत जो आयुक्त बसला त्याने आधी माझी जीभ मोजून घेतली आणि मग आईची.

प्रबंधिका मान्य झाल्यावर ती घेऊन मी गावी गेलो आणि आईला दोन ओव्या वाचून दाखवल्या. ती निवडणे थांबवून ऐकत होती. म्हणाली, "चांगली हाय. कुणाची रं?"

"तुझीच आहे आई."

"माजी?" ती थोडा वेळ गप्प राहिली. "न्हाई बा. माजी न्हवं ही."

मी हसलो होतो, हे मला स्पष्ट आठवते. ही गोष्ट नंतर काही वर्षे मी वर्गात विनोद म्हणून सांगितली. आई १९९१ मध्ये गेली. त्याच्या आधीच एका बदलीत घर हलवताना दोन्ही वह्या रद्दीत गेल्या होत्या. छापील प्रत हाती असताना कच्च्या वह्या कशाला, हा हिशेब त्या वेळी सरळ वाटला. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी पुढे गावोगाव फिरून लाखाहून अधिक ओव्या बायकांच्या नावांसह आणि त्यांच्या बोलीसह जतन केल्या, तेव्हा मी त्या कामाचे परीक्षणात्मक कौतुक केले. स्वतःच्या वह्यांची आठवण मला झाली नाही. बहिणाबाई चौधरींची गाणी सोपानदेवांनी तिच्या बोलीत राहू दिली आणि १९५२ मध्ये ती छापून आली. हे उदाहरणही दरवर्षी मी उत्साहाने शिकवत होतो.

जमिनीचेही तसेच झाले होते. १९४७ च्या तुकडेबंदी व तुकडेजोड कायद्याखाली आमच्या गावात एकत्रीकरण योजना आली तेव्हा मी लहान होतो. योजनेचा हेतू चांगला होता आणि तिचे फायदेही झाले. विखुरलेल्या तुकड्यांचे गट झाले, सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. 'चिंचेचं', 'लवण', 'खडकाळी', 'म्हसोबाचा तुकडा' ही नावे वडील मरेपर्यंत वापरीत. माझ्या मुलीला त्यांतले एकही ठाऊक नाही, कारण मी तिला सातबाराच दाखवला. इंग्लंडची कुंपणबंदी आणि आमची योजना एक नव्हेत. तिकडे सामायिक हक्क गेला, इकडे मुख्यतः तुकड्यांची जोड झाली. पण नाव जाऊन आकडा येतो त्या क्षणी जे हरवते, त्याला हेल्पस्टनमध्ये आणि आमच्याकडे वेगळा शब्द लागणार नाही.

१८३२ मध्ये क्लेअरचे कुटुंब नॉर्थबरोच्या अधिक प्रशस्त घरात गेले. अंतर अवघे पाचएक किलोमीटर. हितचिंतकांनी मोठ्या आस्थेने मिळवून दिलेल्या त्या घरात तो उन्मळून गेला. १८३७ मध्ये त्याला एसेक्समधील मनोरुग्णालयात ठेवण्यात आले. जुलै १८४१ मध्ये तो तिथून निघाला आणि चार दिवसांत सुमारे ऐंशी मैल चालत घराकडे आला. वाटेत भुकेपोटी त्याने रस्त्याकडेचे गवत खाल्ले. ग्लिंटनच्या शाळेतली बालमैत्रीण मेरी जॉइस आपली पत्नी आहे आणि ती वाट पाहते आहे, अशी त्याची समजूत होती. ती तीन वर्षांपूर्वीच मरण पावली होती. त्याच वर्षाच्या अखेरीस त्याला नॉर्थॅम्प्टनच्या मनोरुग्णालयात नेले, आणि २० मे १८६४ रोजी तिथेच त्याचा अंत झाला. नंतर त्याला हेल्पस्टनला आणून पुरले. त्याचे आजारपण केवळ कुंपणाचे फळ होते, असे ठरवण्याचा मोह टाळला पाहिजे. दारिद्र्य, ओसरलेली कीर्ती, मोठा संसार हेही त्यात होते. मात्र पाच किलोमीटरवर परका होणारा माणूस कशाला परका झाला, हे मला त्या दिवशी समजले. मी तर साडेतीनशे किलोमीटरवर जाऊन प्राध्यापक झालो होतो आणि काहीच झाले नाही असे समजत होतो.

चर्चच्या आवारात त्याच्या कबरीभोवती हिरवळीचे लहान लहान चौकोन मांडलेले होते. प्रत्येकात रानफुले खोचलेली. उन्हाळ्याच्या मध्यावर हिरवळीच्या तुकड्यात फुले खोचून घरात ठेवण्याची इथे जुनी चाल होती. क्लेअरने आपल्या एका मोठ्या हस्तलिखिताला त्याच चालीचे नाव दिले होते. ते पुस्तक मात्र १९७९ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर एकशे पंधरा वर्षांनी निघाले. आता दर जुलैत, त्याच्या जन्मदिवसाच्या सुमारास, गावच्या शाळेतील मुले हे चौकोन करून आणतात. काही फुले सुकत आली होती. एका चौकोनातली माती चौथऱ्यावर सांडली होती. कवी जन्मावा लागतो, घडवता येत नाही, या अर्थाचे वचन कबरीच्या दगडावर कोरले आहे. त्या वचनाशी माझे फारसे जमले नाही. क्लेअर जन्मला तेवढाच घडवलाही गेला आणि बिघडवलाही गेला, आणि त्याचा पुरावा शिल्लक आहे, एवढेच त्याचे भाग्य.

परत आल्यावर मी प्रबंधिकेची प्रत समोर ठेवली आणि उलटे काम सुरू केले. 'उभी' खोडून 'हुबी' लिहिले. हे सोपे होते. 'पहाटे' असलेल्या प्रत्येक ठिकाणी झुंजुरका नव्हता, हे लवकरच ध्यानात आले. काही ठिकाणी आईनेही पहाटच म्हटली असावी. कोणत्या, ते सांगायला कोणी नाही. गावी चुलत बहिणीकडे गेलो. आज ती सत्तरीची आहे. लहानपणी ती आईबरोबर जात्याला बसत असे. तिने डोळे मिटून अकरा ओव्या सांगितल्या. मी काहीही न बदलता उतरवून घेतल्या. एका ओवीत तिला एक शब्द आठवेना. मी सवयीने एक शब्द सुचवला. वृत्तात बसणारा, अर्थाला धरून असलेला. ती म्हणाली, "न्हाई, तुजा न्हाई त्यो." ती जागा वहीत मोकळी ठेवली आहे.

क्षेत्रकार्य करणाऱ्या विद्यार्थ्यांना आता मी एवढेच सांगतो की पहिली वही फेकू नका; आणि तिच्यात जे तुम्हाला चुकीचे वाटते त्याच्याखाली रेघ मारा, त्याच्यावर नको. अकरा ओव्यांची माझी ती वही विभागाच्या ग्रंथालयात दिली आहे. एकशे बत्तीस ओव्या तिच्यात नाहीत.